स्पॅनिश क्रियापद: आधी तोडा, मग जोर द्या

‘तेर-[मि]-नो’ म्हणजे मी संपवतो. ‘तेर-मि-[नो´]’ म्हणजे त्याने संपवलं. आणि ‘[तेर´]-मि-नो’ हे क्रियापदच नव्हे, ते नाम आहे: शेवट, मुदत, पारिभाषिक संज्ञा. तिन्ही शब्दांत अक्षरं तीच, क्रमही तोच. बदलतो तो फक्त जोर, आणि त्याबरोबर कोण, कधी, काय हे सगळंच बदलतं.

मराठी माणसाला हे अवघड जातं. आपला कान काडी आणि खाडी यांतला फरक झोपेतही ओळखेल, पण जोर इकडचा तिकडे झाल्याने मराठीत शब्दाचा अर्थ फिरत नाही, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायची कानाला सवयच नसते. वर्गात क्रियापदांचे तक्ते घोकून घेतात, तेव्हा शेवटचे प्रत्यय पाठ होतात आणि जोर राहून जातो. मग समोरचा स्पॅनिश माणूस ‘कोण बोललं? तुम्ही की तो?’ असं विचारतो.

पुढे वाचण्याआधी लिहिण्याची पद्धत समजून घ्या. उदाहरणं देवनागरीत आहेत, मूळ स्पेलिंग तुमच्या पुस्तकात शेजारी उघडं ठेवा. आडव्या रेघेने सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, वेगळी केली आहेत. ज्या सिलॅबलवर जोर, ते चौकटी कंसात आहे. कंसात ´ ही खूण असेल तर मूळ स्पेलिंगमध्ये त्या स्वरावर तिरकी रेघ आहे, म्हणजेच तिल्दे. खूण नसेल तर जोर आहे, पण रेघ नाही. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. ह्रस्व-दीर्घाला स्पॅनिशमध्ये अर्थ नाही, तेव्हा माझ्या वेलांट्या मनावर घेऊ नका. एच अक्षर मुकं असतं, आणि बी-व्ही दोन्हींचा उच्चार ‘ब’च्या जवळचा. त आणि द आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजीच्या सवयीने ट-ड आणू नका, इथे मराठी माणूस इंग्रजाच्या पुढे आहे.

पायरी १: स्वर मोजा

सगळा खेळ स्वरांचा आहे, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

स्पॅनिशमध्ये पाच स्वर. आ, ए, ओ हे तीन बलवान. इ आणि उ हे दोन दुबळे. दोन बलवान शेजारी आले तर एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येकाचं सिलॅबल वेगळं: ले-[एर] (वाचणे), त्रा-[एर] (आणणे), [क्रे]-ओ (मला वाटतं).

दुबळा आणि बलवान शेजारी आले की मात्र दोघांचं एकच सिलॅबल होतं. शाळेत संधी शिकलात ती आठवा: सु अधिक आगत बरोबर स्वागत, इति अधिक आदी बरोबर इत्यादी. इ चा य, उ चा व. स्पॅनिशमध्ये नेमकं हेच घडतं: [प्येन]-सो (मी विचार करतो), [प्वे]-दो (मी करू शकतो), एस-[तु]-द्यो (मी अभ्यास करतो). व्याकरणात याला दिप्तोंगो म्हणतात.

शेवटचं उदाहरण नीट पाहा, कारण आपल्याकडच्या नवशिक्यांची सर्वांत ठरलेली चूक इथे आहे. देवनागरीत आपण सहज ‘एस्तुदिओ’ लिहितो, दि आणि ओ सुटे दिसतात, आणि शेवटून दुसऱ्यावर जोर हा नियम लावून आपण ‘एस-तु-[दि]-ओ’ म्हणतो. ते चूक. शेवटचं सिलॅबल ‘द्यो’ हे अख्खं एक आहे, म्हणून शेवटून दुसरं ‘तु’. वहीत उच्चार लिहायचाच असेल तर संधी करून, ‘द्यो’ असाच लिहा. निम्म्या चुका तिथेच टळतील.

आता अपवाद. दुबळ्या स्वरावर तिल्दे असेल तर संधी होत नाही. ती रेघ मुळी ‘इथे संधी करू नका’ हे सांगायलाच असते. एन-[बी´]-ओ (मी पाठवतो), को-[मी´]-आ (मी किंवा तो खात असे), आक-[तू´]-ओ (मी अभिनय करतो). हे इयातो.

दोन दुबळे शेजारी आले तर लेखनापुरतं एकच सिलॅबल धरतात: कोन्स-[त्रुइर] (बांधणे). बोलताना कितीतरी स्पॅनिश माणसं ‘त्रु-इर’ असे दोन तुकडे करतात, त्यात वावगं काही नाही. रेघ द्यायची की नाही हे ठरवताना मात्र एकच मोजा.

राहिल्या दोन बारीक गोष्टी. गे, गि, के, कि या उच्चारांच्या स्पेलिंगमध्ये एक मुका उ बसलेला असतो, तो मोजायचा नाही: से-[गिर] (पाठोपाठ जाणे), पा-[गे´] (मी पैसे दिले). त्या उ च्या डोक्यावर दोन टिंबं असली की तो जिवंत: आ-बे-रि-[ग्वे´] (मी शोधून काढलं). दुसरी गोष्ट मुक्या एचची. तो दोन स्वरांच्या मधे बसला तरी भिंत होत नाही. ‘मनाई करणे’ हे प्रोय-[बिर], दोनच सिलॅबल. ‘मी मनाई करतो’ म्हणताना जोर दुबळ्या इ वर येतो, म्हणून संधी सुटते आणि रेघ लागते: प्रो-[ई´]-बो.

पायरी २: व्यंजनं वाटून द्या

दोन स्वरांमधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराचं: [को]-मो (मी खातो). दोन असतील तर एक मागे, एक पुढे: कान-[तार] (गाणे), पेन-[सार] (विचार करणे). तीन असतील तर बहुधा शेवटची दोन पुढे जातात: कोम-[प्रार] (विकत घेणे), एन-कोन-[त्रार] (सापडणे).

अपवाद बारा जोड्यांचा. र किंवा ल मागून चिकटलेल्या या जोड्या कधीच फुटत नाहीत: प्र, ब्र, त्र, द्र, क्र, ग्र, फ्र आणि प्ल, ब्ल, क्ल, ग्ल, फ्ल. म्हणून आ-[ब्लार] (बोलणे), ‘आब-लार’ नव्हे. आ-[ब्रिर] (उघडणे), ‘आब-रिर’ नव्हे.

देवनागरी इथे फसवते. आपण ‘एस्कुचार’ लिहितो तेव्हा ‘स्कु’ हे एक अक्षर दिसतं, पण तोडायचं ते एस-कु-[चार] (ऐकणे) असंच. ज्यांनी वृत्तं शिकली आहेत त्यांना हे पटकन कळेल. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू का होतं, तर जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन उच्चारात मागच्या अक्षराला जाऊन चिकटतं म्हणून. स्पॅनिशमध्येही तसंच, फक्त त्या बारा जोड्या वगळून.

च, य (दुहेरी एल) आणि ठसठशीत र (दुहेरी आर) यांच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं असली तरी ध्वनी एक, त्यामुळे ते फुटत नाहीत: या-[मार] (हाक मारणे), को-[रेर] (धावणे).

पायरी ३: जोराचा नियम

हा नियम दोन ओळींचा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर. दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्यावर. जोर याप्रमाणे नसेल तर तो जिथे आहे तिथे तिल्दे. इयातोची रेघ तेवढी या हिशेबाबाहेर: को-[मी´]-आ मध्ये जोर नियमाप्रमाणेच आहे, तरी संधी तोडायला रेघ लागते.

न आणि स यांनाच सवलत का? [आ]-ब्ला (तो बोलतो) ला स लागून [आ]-ब्लास (तू बोलतोस) होतं, न लागून [आ]-ब्लान (ते बोलतात) होतं, आणि जोर तसूभर हलत नाही. ही सवलत नसती तर जवळजवळ प्रत्येक क्रियापदाच्या डोक्यावर रेघा माराव्या लागल्या असत्या.

शेवटी वाय असलेले शब्द व्यंजनान्त धरतात, म्हणून एस-[तोय] (मी आहे) वर जोर शेवटी असूनही रेघ नाही. जोर शेवटी असलेला शब्द आगुदा, शेवटून दुसऱ्यावर असलेला याना, तिसऱ्यावर असलेला एस्द्रुखुला. एस्द्रुखुला शब्दाला रेघ कायम लागते, विचार करायचं कामच नाही.

पायरी ४: काळाप्रमाणे जोर पाठ करा, रेघा नको

बहुतेक नवशिके ‘या रूपाला रेघ आहे, त्याला नाही’ अशी यादी घोकतात. माझ्या मते हा उलटा रस्ता. क्रियापदाचा प्रत्येक काळ जोराची एक जागा ठरवतो. ती तोंडात बसली की रेघ तिसऱ्या पायरीच्या नियमाने आपोआप निघते.

वर्तमानकाळ घ्या. ‘बोलणे’ची सहा रूपं: [आ]-ब्लो, [आ]-ब्लास, [आ]-ब्ला, आ-[ब्ला]-मोस, आ-[ब्लाय्स´], [आ]-ब्लान. मी, तू, तो आणि ते या चार रूपांत जोर धातूवर. आम्ही आणि स्पेनमधल्या ‘तुम्ही’च्या रूपात तो प्रत्ययावर सरकतो. (लॅटिन अमेरिकेत हे पाचवं रूप वापरत नाहीत, ‘तुम्ही सगळे’साठी सहावंच चालतं.)

पुस्तकांत धातूतला स्वर बदलणारी क्रियापदं वेगळ्या धड्यात, जणू वेगळी जमात म्हणून येतात. त्यांचं गुपित याच सरकण्यात आहे: [प्येन]-सो, [प्येन]-सास, [प्येन]-सा, पेन-[सा]-मोस, पेन-[साय्स´], [प्येन]-सान. लॅटिनमधले ह्रस्व ए आणि ओ जोराखाली आले की स्पॅनिशमध्ये ते फुटून ‘ये’ आणि ‘वे’ झाले. जोर नव्हता तिथे साधेच राहिले. म्हणून जोर धातूवर असेल तिथेच ‘प्येन’. [द्वेर]-मो (मी झोपतो), पण दोर-[मि]-मोस (आम्ही झोपतो). कुठल्या क्रियापदात स्वर फुटतो ते पाठ करावं लागतं, पण कुठल्या रूपात फुटतो ते पाठ करण्याची गरज नाही.

याचा पडताळा अर्जेंटिना आणि उरुग्वेत मिळतो. तिथे ‘तू’साठी ‘तु’ऐवजी ‘बोस’ म्हणतात आणि त्याच्या रूपात जोर शेवटी जातो. मग स्वर फुटत नाही: माद्रिदमध्ये [क्ये]-रेस (तुला हवंय), ब्वेनोस आयरेसमध्ये के-[रेस´]. तसंच [प्वे]-देस आणि पो-[देस´].

साधा भूतकाळ नीट शिका, कारण गोंधळ इथेच होतात. आ-[ब्ले´] (मी बोललो), आ-[ब्लास]-ते, आ-[ब्लो´] (तो बोलला), आ-[ब्ला]-मोस, आ-[ब्लास]-तेय्स, आ-[ब्ला]-रोन. नियमित क्रियापदांत जोर कायम प्रत्ययावर, धातूवर कधीच नाही. ‘मी’ आणि ‘तो’ ही रूपं शेवटच्या स्वरावर जोर घेतात, म्हणून त्यांनाच रेघ. आता शेजारी ठेवा: [आ]-ब्लो म्हणजे मी बोलतो, आ-[ब्लो´] म्हणजे तो बोलला. [आ]-ब्ले म्हणजे ‘बोला’ (अदबीने), आ-[ब्ले´] म्हणजे मी बोललो. या जोड्या रोज मोठ्याने म्हणा. ‘बोलणे’चं ‘आम्ही’चं रूप वर्तमानात आणि भूतकाळात सारखंच आहे, जोरही तोच, तिथे संदर्भ पाहण्यावाचून इलाज नाही.

अनियमित भूतकाळात मात्र काही क्रियापदं हट्टाने जोर धातूवर ठेवतात: [तु]-बे (माझ्याकडे होतं), [तु]-बो (त्याच्याकडे होतं), [इ]-से (मी केलं), [दि]-खो (तो म्हणाला). शेवटी स्वर, जोर शेवटून दुसऱ्यावर, मग रेघ कशाला? तरीही ‘तो’च्या रूपावर हात आपसूक रेघ मारतो. तो आवरा.

एका सिलॅबलच्या रूपांना, एखाददुसरा शब्द सोडला तर, रेघ नाही: [फ्वी] (मी गेलो), [फ्वे] (तो गेला), [द्यो] (त्याने दिलं), [ब्यो] (त्याने पाहिलं). जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 1959च्या आधी छापलेलं काही हाती आलं तर त्यात यांच्यावर रेघा दिसतील. त्या वर्षीच्या नव्या नियमांनी त्या गेल्या. रेआल अकादेमिया (स्पॅनिशचे नियम ठरवणारी संस्था) हिच्या 2010च्या शुद्धलेखन-ग्रंथाने आणखी काही शब्दांवरची रेघ काढली. त्यातला ‘हसणे’चा भूतकाळ मजेशीर आहे: [र्यो] (तो हसला), एक सिलॅबल, रेघ नाही. [री´]-ओ (मी हसतो), दोन सिलॅबल, रेघ हवी. नदीलाही री-ओच म्हणतात, पण वाक्यात घोटाळा होत नाही.

अपूर्ण भूतकाळ सोपा आहे. जोर सहाही रूपांत एकाच स्वरावर खिळलेला: आ-[ब्ला]-बा, आ-[ब्ला]-बान. ‘आम्ही’च्या रूपात मागे एक सिलॅबल वाढतं, जोर जागचा हलत नाही, म्हणून ते एस्द्रुखुला होतं: आ-[ब्ला´]-बा-मोस. नवशिके इथे ‘आ-ब्ला-[बा]-मोस’ म्हणतात, वर्तमानकाळाच्या सवयीने. -एर आणि -इर अंत्य नियमित क्रियापदांत या काळाची सगळी रूपं रेघवाली, कारण प्रत्येकात संधी तोडायची आहे: को-[मी´]-आ, को-[मी´]-आ-मोस.

भविष्यकाळ म्हणजे मूळ क्रियापदाला ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाची ए, आस, आ, एमोस, एय्स, आन ही रूपं चिकटून झालेला काळ. जोर त्या चिकटलेल्या भागावर: आ-ब्ला-[रे´], आ-ब्ला-[रास´], आ-ब्ला-[रा´], आ-ब्ला-[रे]-मोस, आ-ब्ला-[रेय्स´], आ-ब्ला-[रान´]. ‘आम्ही’चं सोडून सगळ्यांना रेघ. यातल्या तिसऱ्याची गल्लत होते ती आ-[ब्ला]-रा (तो बोलता तर) या रूपाशी. संकेतार्थातल्या -री´-आ या प्रत्ययाला सगळीकडे रेघ आहे, तिथे डोकं चालवायला नको.

एक जागा मात्र निव्वळ पाठांतराची. मूळ रूप -इआर ने संपणाऱ्या क्रियापदांचे दोन गट आहेत. एकात संधी टिकते: एस-[तु]-द्यो, [काम]-ब्यो (मी बदलतो), [लिम]-प्यो (मी साफ करतो). दुसऱ्यात तुटते: एन-[बी´]-ओ, कोन-[फी´]-ओ (मी विश्वास ठेवतो), बा-[री´]-ओ (मी बदल करत राहतो). मूळ रूप बघून गट ओळखता येत नाही, म्हणून नवीन -इआर क्रियापद वहीत उतरवताना शेजारी ‘मी’चं रूप लिहाच. रेआल अकादेमियाच्या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापदांचे तक्ते फुकट मिळतात, तिथे रूप पाहून घ्या. -उआर मध्ये जरा बरं आहे: आधी ग असेल तर संधी टिकते, आ-बे-[री]-ग्वो, बाकी बहुतेकांत तुटते, आक-[तू´]-ओ.

पायरी ५: सर्वनामं चिकटली की पुन्हा मोजा

आज्ञार्थ, मूळ रूप आणि -न्दो अंत्य रूप यांच्या मागे सर्वनामं जोडून लिहितात. क्रियापदाचा जोर जागचा हलत नाही, पण शब्द लांबतो, त्यामुळे रेघेचा हिशेब नव्याने करावा लागतो. [कोम]-प्रा (विकत घे), [कोम´]-प्रा-लो (ते विकत घे), [कोम´]-प्रा-मे-लो (मला ते विकत घेऊन दे). दे-[सिर] (सांगणे), दे-[सिर]-मे (मला सांगणे), दे-[सिर´]-मे-लो (मला ते सांगणे). दि-[स्येन]-दो (सांगत), दि-[स्येन´]-दो-मे (मला सांगत).

अर्जेंटिनात उलटंही होतं: दे-[सी´] (सांग) ला रेघ आहे, पण दे-[सि]-मे (मला सांग) ला नाही, कारण जोर आता नियमातल्या जागी आला.

बोलताना

जोराच्या सिलॅबलवर आवाज किंचित चढवा आणि स्वर किंचित लांबवा. ओरडू नका. बाकीचे स्वर गिळू मात्र नका. इंग्रजीत बिनजोराचे स्वर अर्धवट होतात, स्पॅनिशमध्ये प्रत्येक आ हा पूर्ण आ. टेबलावर बोटाने प्रत्येक सिलॅबलला टिचकी मारत म्हणा, जोराच्या जागी जरा ठोसून. फोनवर स्वर दाबून धरला की रेघेचा स्वर मिळतो. ‘रेघ नंतर देऊ’ म्हणून मेसेज पाठवलात तर ‘मी बोलतो’ आणि ‘तो बोलला’ एकच दिसेल.

आता एक शब्द स्वतः सोडवा. पुस्तकात ‘सुरू ठेवणे’ हे क्रियापद शोधा: कोन-ति-[न्वार]. त्याच मुळाचे, एकाच अक्षरांचे तीन शब्द आहेत. पहिल्यावर रेघच नाही, दुसऱ्यात उ वर आहे, तिसऱ्यात शेवटच्या ओ वर. आधी संधी होते का ते पाहा, मग शेवटून मोजा.

उत्तरं: रेघ नाही, म्हणजे संधी आहे आणि शेवटी स्वर, कोन-[ति]-न्वो, हे विशेषण, ‘अखंड’. उ वर रेघ, संधी तुटली, सिलॅबल चार; कोन-ति-[नू´]-ओ, ‘मी सुरू ठेवतो’. ओ वर रेघ, संधी टिकली, जोर शेवटी. कोन-ति-[न्वो´], ‘त्याने सुरू ठेवलं’.